नवी चेन आणि तिचा ताण

कारचं इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी चालत असतं, तेव्हा क्रँकशाफ्ट सेकंदाला 50 वेळा फिरतो. त्याच्या टोकावरच्या छोट्या स्प्रॉकेटला 18 दाते आहेत असं धरलं, तर टायमिंग चेनच्या 900 कड्या दर सेकंदाला त्या दात्यांवरून जातात. प्रत्येक कडी दात्यावर चढताना वळते आणि उतरताना सरळ होते. एकही दाता न चुकवता हे काम चेनने वर्षानुवर्षं करायचं असतं. अशी चेन बदलायची म्हणजे गॅरेजमधलं मोठं आणि खर्चाचं काम. ते उरकल्यावर एक प्रश्न उरतो: नव्या चेनला ताण बरोबर मिळाला आहे, हे ओळखायचं कसं?

मोटरसायकलची चेन बोटाने वर-खाली करून तिची ढिलाई पाहायची सवय आपल्याकडे बहुतेकांना असते. तीच सवय कारच्या इंजिनापाशीही येते. झाकण उघडं असतं, नवी चेन समोर चमकत असते आणि हात आपोआप पुढे जाऊन चेनवर अंगठा दाबतो. ती जरा दबली की शंका येते, ताठ लागली की समाधान होतं. आजच्या बहुतेक इंजिनांत ही परीक्षा फसवी आहे. इंजिन बंद असताना आणि ऑइलचा दाब नसताना अंगठ्याला जे जाणवतं, त्यावरून धावत्या इंजिनातल्या ताणाचा अंदाज येत नाही. म्हणून चेनला ताण कोण देतं, कोणत्या बाजूला देतं आणि केव्हा देतं, हे आधी पाहू. मग तपासणीची पायरी अन् पायरी आपोआप समजेल.

चेनचं नेमकं काम

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार हालचालींत, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, एक चक्र पुरं होतं. हवा आत घेणं, दाबणं, जळणातून जोर मिळवणं आणि धूर बाहेर टाकणं अशी ही चार कामं. यातल्या आत घेण्याच्या आणि बाहेर टाकण्याच्या कामासाठी वॉल्व्ह उघडावे लागतात, आणि ते उघडतो कॅमशाफ्ट. एका चक्रात प्रत्येक वॉल्व्ह एकदाच उघडायचा असल्याने क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एकच फेरी व्हायला हवी. क्रँकच्या स्प्रॉकेटला 18 दाते असतील तर कॅमच्या स्प्रॉकेटला 36 असतात, ते याचसाठी. दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन.

या चेनचं मूळ सायकलच्या काळात आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला बुश-रोलर चेन तयार केली. आजच्या चेन त्याच घडणीच्या वंशातल्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि मुंबईकरांनी टॅक्सी म्हणून ओळखलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये होता. त्यामुळे चेन आखूड होती. पुढे कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये गेला आणि क्रँकपासूनचं अंतर वाढलं. मारुती 800 मध्ये हे अंतर रबरी टायमिंग बेल्टने तोडलं होतं आणि तो बेल्ट ठराविक किलोमीटरनंतर बदलावा लागे. मारुतीची के-सिरीज इंजिनं 2008 मध्ये ए-स्टारपासून आली, ती चेन घेऊनच. बेल्ट बदलण्याची कटकट गेली, आणि चेन आयुष्यभर पुरते असा समज मागे राहिला.

चेन टिकते हे खरं, पण ती झिजतेही. प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक बुश असतो. हे दोन्ही एकमेकांवर घासतात आणि सांध्यात किंचित जागा होते. समजा, चेनला 114 कड्या आहेत आणि एका कडीचं अंतर 8 मिलिमीटर आहे. प्रत्येक सांधा केवळ 0.02 मिलिमीटर झिजला, तरी अख्खी चेन 2.28 मिलिमीटरने लांबते. क्रँक आणि कॅम यांच्यामधल्या ओढीच्या भागात 40 कड्या असतील, तर तेवढाच भाग 0.8 मिलिमीटरने लांबतो. कॅमच्या 36 दात्यांच्या स्प्रॉकेटवर 8 मिलिमीटर म्हणजे एक दाता, म्हणजेच 10 अंश. तेव्हा 0.8 मिलिमीटर म्हणजे कॅमचा 1 अंश आणि क्रँकचे 2 अंश. वॉल्व्ह तेवढे उशिरा उघडू लागतात. गाडीचा जोर कमी होतो, ॲव्हरेज घटतं, आणि कारण लवकर सापडत नाही.

चेन एक दाता सरकली, तर हिशेब एकदम 10 अंश कॅम आणि 20 अंश क्रँक असा होतो. तीन-चार दाते सरकली तर आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो. डिझेल इंजिनात दाबलेली हवा फारच थोड्या जागेत मावायची असते, म्हणून पिस्टन आणि हेड यांच्यात मोकळी जागा जवळजवळ नसते. तिथे वाकलेले वॉल्व्ह, तुटलेले रॉकर आणि पुन्हा उघडावं लागणारं हेड असा सगळा खर्च एका चुकलेल्या ताणापोटी अंगावर येतो.

ताण देणारा: टेन्शनर

चेन फिरत असताना तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. क्रँक कॅमला ओढतो ती बाजू कायम ताठ असते. ओढून झाल्यावर चेन परत क्रँककडे येते ती बाजू सैल असते. ताठ बाजूला एक न हलणारी गाईड पट्टी असते. सैल बाजूला खिळीवर हलणारा, किंचित वाकडा हात असतो आणि त्याच्या पाठीशी टेन्शनर बसवलेला असतो.

टेन्शनर हातात घेतला तर मूठभर आकाराचा धातूचा ठोकळा दिसतो. त्याच्या भोकात एक प्लंजर असतो आणि प्लंजरच्या मागे स्प्रिंग. तळाशी बारीक गोळी असलेली एकतर्फी झडप असते. इंजिन चालू झालं की ऑइलचा दाब या झडपेतून आत शिरतो आणि प्लंजर बाहेर ढकलतो. चेनने उलट धक्का दिला की गोळी भोक बंद करते. आत अडकलेलं ऑइल मग प्लंजर आणि भोकाच्या भिंतीमधल्या, काही शतांश मिलिमीटरच्या फटीतून हळूहळू निसटतं. या मंद निसटण्यामुळेच धक्का शोषला जातो. अनेक टेन्शनरांत याशिवाय रॅचेट असतं. प्लंजर एक खाच पुढे गेला की रॅचेट त्याला मागे येऊ देत नाही.

म्हणजे इंजिन बंद असताना चेनला मिळतो तो फक्त स्प्रिंगचा ताण. चालू इंजिनात स्प्रिंगच्या जोडीला ऑइलचा दाब येतो आणि खरा ताण तो असतो. जर्मन कारखान्यांची पद्धत यावर चांगला प्रकाश टाकते. बीएमडब्ल्यूच्या एन 52 या सहा सिलिंडरच्या इंजिनात टायमिंग जुळवताना ऑइलवर चालणारा टेन्शनर काढून ठेवतात. त्या जागी स्क्रूचं खास अवजार बसवतात आणि ते 0.6 न्यूटन मीटरने आवळतात. हा जोर इतका थोडा आहे की दोन बोटांनीही त्याहून जास्त लागेल. ऑइल नसताना चेनला ठराविक आणि सारखा ताण मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू. मोजमाप त्या ताणावर घेतात आणि काम झालं की खरा टेन्शनर परत बसवतात.

हाताने ताण द्यायची इंजिनंही होती. 1948 मध्ये आलेलं जॅग्वारचं एक्सके इंजिन त्यातलं प्रसिद्ध. त्यात दोन टप्प्यांच्या चेन होत्या. वरच्या चेनचा ताण विकेंद्री खिळीवर बसवलेलं चाक फिरवून द्यायचा आणि खाचांच्या चकतीने ते चाक जागी अडकवायचं. तिथेही चेन पूर्ण ताठ करायची नव्हती. कॅमच्या स्प्रॉकेटखाली, बाहेरच्या दोन्ही बाजूंना, चेनमध्ये थोडी लवचीक हालचाल राहिली पाहिजे, असा कारखान्याचा नियम होता. अति ताण सैलपणाइतकाच वाईट. ताठ चेन गाईड पट्ट्या खाते, बेअरिंगवर भार टाकते आणि बारीक शिट्टीसारखा आवाज काढते. अशा इंजिनात अंगठ्याची परीक्षा खरी होती. म्हणूनच जुन्या हातांमध्ये ती अजून शिल्लक आहे.

रांजणगावचं इंजिन

आपल्याकडच्या मेकॅनिकला टायमिंग चेनचं काम ज्या इंजिनांनी शिकवलं, त्यांत फिएटचं 1.3 मल्टिजेट डिझेल पहिल्या रांगेत येतं. 1,248 सीसीचं, चार सिलिंडरचं आणि 16 वॉल्व्हचं हे छोटं इंजिन पोलंडमध्ये 2003 पासून बनू लागलं. 2005 मध्ये 1 ते 1.4 लिटर गटातला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताब त्याने मिळवला. भारतात ते मानेसरला आणि पुण्याजवळच्या रांजणगावला तयार होत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, इंडिगो मांझा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांच्या बॉनेटखाली तेच होतं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट. एप्रिल 2020 मध्ये बीएस 6 नियम आले आणि या इंजिनाचा भारतातला प्रवास थांबला. पण त्यावरच्या गाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आजही ढिगाने धावतात. त्यांपैकी बऱ्याच टूर-टॅक्सीच्या कामात असल्याने त्यांचं रनिंग प्रचंड आहे.

या इंजिनात चेन एकपदरी आहे. क्रँककडून ती एका कॅमशाफ्टला फिरवते आणि दुसरा कॅमशाफ्ट दातेरी चाकांनी पहिल्याला जोडलेला आहे. रचना आटोपशीर आहे, मात्र सगळी भिस्त ऑइलवर. डिझेलची काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि त्या काळ्या ऑइलमध्येच चेनच्या पिना आणि बुश घासत राहतात. ऑइल बदलायला उशीर झाला किंवा पातळी खाली गेली, की चेन लवकर लांबते आणि टेन्शनरची बारीक छिद्रं चिकटतात. मग थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड ऐकू येते. टेन्शनरमधलं ऑइल रात्रभरात निसटलेलं असतं आणि दाब येईपर्यंत चेन गाईडवर आपटत असते. हा आवाज रोजचा झाला, की चेन बदलायची वेळ आलेली असते.

झाकण उघडं असताना

चेन बदलायला घेतली, की एकटी चेन बदलून भागत नाही. झिजलेल्या स्प्रॉकेटच्या दात्यांवर नव्या चेनच्या कड्या नीट बसत नाहीत. जुन्या गाईडवर चेनने पाडलेल्या खोल चरांमुळे नव्या चेनचा मार्गच बदलतो. चेन, दोन्ही गाईड, हलणारा हात, टेन्शनर आणि स्प्रॉकेट असा पूर्ण संच एकदमच घालावा. जुनी चेन टाकून देण्यापूर्वी नव्या चेनशेजारी टांगून पाहावी. दोघींच्या कड्यांची संख्या सारखी असूनही जुनी खाली लोंबते, आणि काही मिलिमीटरची ती झीज डोळ्यांना दिसते.

आता तपासणी. पहिली पायरी टेन्शनरची पिन काढण्याआधीची आहे. क्रँक आणि कॅम लॉक पिनने किंवा खुणांनी आपल्या जागी आहेत आणि चेन चढवलेली आहे, अशा वेळी ओढीची बाजू पूर्ण सरळ असली पाहिजे. सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला गोळा झालेली असावी. ओढीच्या बाजूला अर्ध्या दात्याएवढी ढिलाई राहिली, तरी टेन्शनर सुटल्यावर चेन ती भरून काढताना कॅमला मागे सोडते. खुणा आधी जुळलेल्या दिसतात आणि नंतर जुळत नाहीत, त्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

दुसरी पायरी टेन्शनर सोडण्याची. नवा टेन्शनर प्लंजर आत दाबून, पिन घालून येतो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर पिन ओढायची. प्लंजर खटकन बाहेर येऊन हलणाऱ्या हाताला टेकला पाहिजे. काही टेन्शनर नुसती पिन काढून सुटत नाहीत, हलणारा हात एकदा टेन्शनरकडे दाबून सोडावा लागतो. इंजिन बांधून झाल्यावर चेन वाजते तेव्हा पुष्कळदा ही पिन आत राहिलेली किंवा टेन्शनर न सुटलेला सापडतो. म्हणून काढलेली पिन टेबलावर समोर ठेवावी आणि झाकण लावण्यापूर्वी ती तिथे आहे ना, हे पाहावं.

तिसरी पायरी प्लंजर किती बाहेर आला आहे ते पाहण्याची. नव्या चेनवर तो थोडासाच बाहेर असतो, कारण पुढे होणाऱ्या झिजेसाठी त्याला जागा हवी. नवी चेन असूनही प्लंजर जवळजवळ संपेपर्यंत बाहेर आला असेल, तर चेन चुकीची आहे, चुकीच्या वाटेने बसली आहे किंवा गाईड जागेवर नाही. फोक्सवॅगन समूहाच्या ईए 888 इंजिनाच्या काही रूपांत यासाठी चक्क खिडकी आहे. पुढच्या झाकणातलं छोटं बूच काढलं की प्लंजरवरच्या खाचा दिसतात. सहापर्यंत दिसल्या तर चेन ठीक. सात किंवा जास्त दिसल्या की ती लांबली आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला बांधलेल्या स्कोडा सुपर्बमध्ये याच घराण्यातलं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. नवी चेन घातल्या दिवशी किती खाचा दिसत होत्या ते बिलावर लिहून ठेवलं, तर पुढच्या तपासणीला तुलना करता येते.

रॅचेटचा टेन्शनर असेल तर हलणारा हात अंगठ्याने टेन्शनरकडे दाबून पाहायला हरकत नाही. तो थोडासा मागे जाऊन खाचेला अडकला, तर रॅचेट काम करतंय. पूर्ण मागे गेला, तर रॅचेट पकडत नाही. रॅचेट नसलेल्या टेन्शनरचा प्लंजर स्प्रिंगविरुद्ध मागे जाणारच. त्यावरून काही ठरवू नये.

दोन फेरे हाताने

चौथी पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि घाईत सगळ्यांत आधी गाळली जाणारी. सर्व लॉक पिन काढायच्या, क्रँकच्या बोल्टला पाना लावायचा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं. बहुतेक इंजिनांत ही दिशा पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांची. आधी प्लग किंवा ग्लो प्लग काढून ठेवावेत. सिलिंडरमधली हवा दबली जात नाही आणि पान्यावर फक्त चेन आणि वॉल्व्हच्या स्प्रिंगचा प्रतिकार जाणवतो. स्प्रिंगचा प्रतिकार मऊ असतो, जरा जोर दिला की तो सरकतो. पिस्टन वॉल्व्हला टेकला तर पाना एकदम, धातूवर धातू आपटल्यासारखा अडतो. तिथे एक कणही जास्त जोर न लावता थांबायचं आणि पुन्हा सगळं उघडायचं. याच ठिकाणी सेल्फ मारला असता, तर वॉल्व्ह वाकला असता.

दोन फेरे पूर्ण झाले, की कॅमचा एक फेरा होतो आणि स्प्रॉकेटवरच्या खुणा पुन्हा जागेवर येतात. लॉक पिन सहज, बोटांनी आत गेली पाहिजे. ती ठोकून घालावी लागत असेल तर टायमिंग चुकलं आहे. फेरा मारताना खूण थोडी पुढे गेली, तर क्रँक उलटा फिरवून परत आणू नये. उलट फिरवलं की ढिलाई ओढीच्या बाजूला जाते, टेन्शनर मागे ढकलला जातो आणि मोजमाप खोटं निघतं. पुढच्या दिशेनेच आणखी दोन फेरे मारावेत.

या वेळी रंगीत कड्यांमुळे पुष्कळ जणांच्या पोटात गोळा येतो. नव्या चेनच्या दोन-तीन कड्या वेगळ्या रंगाच्या असतात आणि चेन चढवताना त्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसवायच्या असतात. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा जागेवर येतात, रंगीत कड्या मात्र भलतीकडेच दिसतात. यात चूक काही नाही. आधीच्याच उदाहरणात कॅमला 36 दाते आणि चेनला 114 कड्या आहेत. या दोन आकड्यांचा लसावि 684. तेवढ्या कड्या सरकायला क्रँकचे 684 भागिले 18, म्हणजे 38 फेरे लागतात. तेव्हा कुठे रंगीत कड्या आणि खुणा पुन्हा एकत्र भेटतात. अशी जुळणी मुद्दाम टाळलेली असते, त्यामुळे तीच कडी दर फेऱ्याला त्याच दात्यावर येत नाही आणि झीज सगळीकडे वाटली जाते. पडताळा घ्यायचा तो स्प्रॉकेटच्या आणि लॉक पिनच्या खुणांवरून.

एकापेक्षा जास्त चेन असलेल्या इंजिनांत हीच पायरी आणखी काळजीने करायची. टोयोटाच्या 2जीआर या व्ही 6 इंजिनात एक मुख्य आणि दोन दुय्यम चेन आहेत, प्रत्येकीचा टेन्शनर वेगळा. एक टेन्शनर बंद राहिला, तरी बाकीच्या चेन नीट दिसतात आणि चूक लपून राहते. अशा वेळी प्रत्येक टेन्शनर सोडल्याची वेगळी नोंद करावी आणि फेरे मारताना प्रत्येक चेन डोळ्यांनी पाहावी.

ऑइल पोहोचेपर्यंत

झाकण लागलं, सिलंट सुकला, नवं ऑइल आणि नवा फिल्टर घातला. आता घाई नको. ऑइलचा चेंबर उघडलेला असताना ऑइल-पंपाची जाळी साफ केली होती ना, याची खात्री करावी. तुटलेल्या गाईडचे प्लास्टिकचे तुकडे त्या जाळीत अडकतात आणि नव्या टेन्शनरला ऑइलच मिळत नाही. नवी चेन चारच दिवसांत वाजू लागण्यामागे हे कारण पुष्कळदा असतं.

पहिल्यांदा इंजिन चालू न करता नुसतं फिरवायचं. डिझेलचा किंवा इंजेक्टरचा पुरवठा बंद ठेवून सेल्फ थोडा-थोडा मारायचा, मध्ये त्याला विश्रांती द्यायची, आणि डॅशबोर्डवरचा ऑइल-दाबाचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. दिवा विझला म्हणजे पंपाने ऑइल वर पोहोचवलं. काही सेकंदांत टेन्शनर भरतो आणि चेनला खरा ताण मिळतो. टेन्शनर ऑइलवर किती अवलंबून असतो, याचा जुना दाखला पोर्शे 911 मध्ये आहे. त्या गाडीचे सुरुवातीचे टेन्शनर आतल्या आत भरलेल्या ऑइलवर चालत आणि ते निकामी झाल्याच्या तक्रारी असत. 1984 च्या मॉडेलपासून कॅरेरा 3.2 मध्ये इंजिनच्या दाबाचं ऑइल थेट टेन्शनरला देण्यात आलं.

मग इंजिन चालू करावं. पहिल्यांदा एक-दोन सेकंद खडखड झाली तर काळजी नको, ती लगेच थांबली पाहिजे. ती चालू राहिली तर इंजिन ताबडतोब बंद करावं. रेस देऊन आवाज जातो का हे पाहणं म्हणजे सैल चेनवर अधिक जोर टाकणं. आवाज थांबल्यावर इंजिन गरम होऊ द्यावं आणि पुढच्या झाकणापाशी कान द्यावा. सुटा-सुटा, धातूचा खडखडाट सैलपणाचा. वेग वाढवला की चढत जाणारी बारीक शिट्टी अति ताणाची किंवा गाईडला घासल्याची.

शेवटी स्कॅनर लावावा. क्रँक आणि कॅम यांचे सेन्सर दोघांचे कोन सतत मोजत असतात. त्यांचा मेळ बसला नाही तर ‘पी 0016’ किंवा त्याच्या शेजारचा कोड येतो. कोड नाही म्हणजे सगळं बरोबर, असं मात्र समजू नये. थोडासा फरक असेल तर संगणक कोड न देताही चालवून घेतो. ज्या गाडीत कॅमचा प्रत्यक्ष कोन पडद्यावर वाचता येतो, तिथे तो आकडा पाहून लिहून ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पुन्हा चालू करून ऐकावं. टेन्शनरची झडप ऑइल धरून ठेवते की नाही, ते रात्र गेल्यावरच कळतं. त्यासाठी गाडी एक रात्र गॅरेजमध्येच उभी राहणं चांगलं.

मालकाने काय विचारावं

हे सगळं वाचून गाडीच्या मालकाने पाना हाती घ्यावा, असं मुळीच नाही. पण बिल भरण्यापूर्वी त्याने चार प्रश्न जरूर विचारावेत. टेन्शनर, गाईड आणि स्प्रॉकेट चेनबरोबर बदलले का, आणि जुने भाग दाखवाल का? लॉक पिन काढल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या का? ऑइलची जाळी साफ केली का, आणि ऑइल वर पोहोचल्याशिवाय इंजिन चालू केलं नाही ना? दुसऱ्या दिवशी थंड इंजिन चालू करून ऐकलं का? चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न बोचत नाहीत, उलट आपलं काम समजून घेणारं गिऱ्हाईक भेटल्याचं त्याला समाधान वाटतं.

या तपासणीला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे मिस्त्रीला मिळायला हवेत. संध्याकाळपर्यंत गाडी हवीच असा तगादा लावला, तर गाळल्या जाणाऱ्या पायऱ्या नेमक्या याच असतात. त्या गाळून वाचतो तो जेमतेम एक दिवस, आणि पणाला लागतं अख्खं हेड. म्हणून चेन बदलायला गाडी देताना एक दिवस जादा द्या, आणि गाडी घरी आल्यावर कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं ऑइल सांगितलेल्या मुदतीत बदलत राहा. मिस्त्रीने बसवलेला ताण पुढे टिकवणं मालकाच्या हातात असतं.